आय आणि जे यांच्यामधल्या सात जागा

इंग्रजी मुळाक्षरांत आयच्या पाठोपाठ जे येतो, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. पण जगातल्या कित्येक मोठ्या बँका आणि विमा कंपन्या ज्या यंत्रांवर आपले हिशेब ठेवतात, त्या आयबीएमच्या मेनफ्रेमवर हे खरं नाही. तिथे आयचा क्रमांक २०१ आणि जेचा २०९. मधल्या सात जागांवर दुसरीच चिन्हं बसलेली. पुढे आर २१७ वर, आणि एस थेट २२६ वर. तुमच्या हातातल्या फोनमध्ये मात्र ए ६५, बी ६६, सी ६७ असं करत झेड ९० पर्यंत सगळे सव्वीस एका रांगेत उभे आहेत.

मी पुण्यात बसून एका परदेशी विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर काम करतो. टीममध्ये नवी मुलं येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, यावर पायथन चालतं का?" चालतं. पण एवढ्या उत्तरावर भागत नाही. पायथनसारखी भाषा या यंत्रावर यायला बराच काळ लागला आणि त्यात वर सांगितलेल्या फटींचा मोठा हात आहे. ही गोष्ट ठाऊक नसेल तर पायथन चालूनही घोटाळा होऊ शकतो, आणि तो पैशांचा असतो.

भोकांची वर्णमाला

या फटी आल्या पंचकार्डावरून. आयबीएमचं कार्ड १९२८ पासून ८० स्तंभांचं. एका स्तंभात एक अक्षर. अंक असेल तर एकच भोक पाडायचं; अक्षर असेल तर दोन, एक वरच्या तीन ओळींपैकी एकीत आणि दुसरं अंकांच्या ओळीत. वरची पहिली ओळ आणि १ ते ९ हे अंक मिळून नऊ अक्षरं झाली: ए ते आय. दुसऱ्या ओळीची नऊ: जे ते आर. तिसरीची आठ: एस ते झेड. नऊ, नऊ, आठ. सव्वीस अक्षरांचे तीन गट.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. आजचे मेनफ्रेम तिचेच थेट वंशज. अक्षरांना आठ बिटांचे क्रमांक देताना आयबीएमने कार्डाचे तीन गट तसेच ठेवले आणि प्रत्येक गटाला सोळा जागांचा एकेक कप्पा दिला. नऊ जागा भरल्या, बाकी मोकळ्या राहिल्या. या पद्धतीचं नाव एब्सिडिक.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६३ मध्ये, अमेरिकेत ॲस्की हे प्रमाण ठरलं होतं. ते घडवणाऱ्यांत बॉब बीमर होते, एकेकाळचे आयबीएमचेच माणूस. सिस्टिम/३६० मध्ये ॲस्कीसाठी सोयही ठेवली होती. पण कंपनीची कार्डयंत्रं आणि प्रिंटर जुन्या वळणाचे, गिऱ्हाइकांकडे कार्डांचे ढीग. ती सोय फारशी कुणी वापरली नाही आणि पुढच्या ३७० मालिकेत ती गेलीच. पुढे युनिक्स, पीसी, इंटरनेट आणि फोन ॲस्कीच्या वाटेने गेले. मेनफ्रेम आपल्या वाटेने.

मराठी माणसाला हे नवं नाही. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर आकृतीत उघडला की 'महाराष्ट्र'च्या जागी खिळे विस्कटल्यासारखी चिन्हं दिसायची. अक्षरं तीच, पण प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. आजही एखाद्या जुन्या पीडीएफमधून मराठी परिच्छेद कॉपी करून बघा. एब्सिडिक आणि ॲस्की यांचं भांडण याच जातीचं. फरक एवढाच की इथे विस्कटतो तो लेख नसतो, कुणाच्या तरी पॉलिसीचा हप्ता असतो.

भाषा आहे हे न कळता बनलेली भाषा

मोठी कामं करणारे प्रोग्रॅम एका माळेत ओवायचे, फायली इकडच्या तिकडे करायच्या, लिहिलं की लगेच चालवून बघायचं, यासाठी स्क्रिप्टिंग भाषा. मेनफ्रेमवर हे काम सुरुवातीपासून होतंच. तिथे ते जेसीएल करायचं, आणि अजूनही करतं.

जेसीएलची प्रत्येक ओळ दोन तिरप्या रेघांनी सुरू होते आणि ८० स्तंभांच्या चौकटीत राहते, कारण ती मुळात कार्डच होती. कुठला प्रोग्रॅम चालवायचा, त्याला कुठली फाइल द्यायची, निकाल कुठे ठेवायचा, हे आधी लिहून द्यायचं आणि निघून जायचं. यंत्र सवडीने काम करणार. तिच्यातली एक खोड प्रत्येक नवशिक्याला छळते: एका पायरीला अट घातली आणि ती खरी ठरली, तर ती पायरी चालत नाही, वगळली जाते. जगभरच्या भाषांच्या बरोबर उलट.

३६० ची ऑपरेटिंग सिस्टिम ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते फ्रेड ब्रुक्स यांनी पुढे जेसीएलवर स्वतःच कडक टीका केली. त्यांचा रोख असा की बनवणाऱ्यांना आपण भाषा बनवतो आहोत हेच उमगलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती प्रोग्रॅमच्या पुढेमागे लावायची चार कार्डं होती. चार कार्डांची सोय म्हणून जे सुरू झालं, ते साठ वर्षं टिकलं.

हर्सलीतला एक माणूस

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बाहेरच्यांना वाटतं की मेनफ्रेम झोपलेला होता आणि बाहेरून कुणीतरी येऊन त्याला आधुनिक भाषा शिकवल्या. तसं झालेलं नाही.

इंग्लंडमध्ये हर्सली इथे आयबीएमची प्रयोगशाळा आहे. तिथे काम करणाऱ्या माइक काउलिशॉ यांनी २० मार्च १९७९ रोजी एक नवी भाषा लिहायला घेतली. वरिष्ठांनी नेमून दिलेलं हे काम नव्हतं. ते स्वतःच्या वेळात चाललं होतं. व्हीएम या मेनफ्रेम प्रणालीवर तेव्हा एक्झेक नावाची स्क्रिप्ट भाषा होती, पण तिच्यात प्रत्येक चलाच्या आधी खुणेचं चिन्ह लावावं लागे. वाचणाऱ्याचे डोळे शिणत. काउलिशॉंचं म्हणणं साधं होतं: भाषा माणसाला वाचता आली पाहिजे, तिचं भाषांतर करणाऱ्या यंत्राची सोय नंतर बघू. नव्या भाषेचं नाव रेक्स.

ती घडली कशी हे जास्त महत्त्वाचं. आयबीएमचं जगभर पसरलेलं स्वतःचं अंतर्गत जाळं होतं, व्हीनेट. काउलिशॉ नवी सुविधा आधी कागदावर मांडायचे, जाळ्यावर पाठवायचे, वापरणाऱ्यांची पत्रं यायची, मग ती बदलायची. इंटरनेट घरोघरी यायला अजून दीड दशक होतं. आज ओपन सोर्सवाले ज्या पद्धतीचा अभिमान बाळगतात, ती पद्धत एका बंदिस्त कंपनीच्या आत, मेनफ्रेमवर, तेव्हा सुरू होती.

१९८१ मध्ये ह्यूस्टनला मेनफ्रेम वापरणाऱ्यांच्या 'शेअर' या संघटनेच्या सभेत रेक्स बाहेरच्या जगापुढे आली. गिऱ्हाइकांनी मागणी केली आणि १९८३ पासून ती व्हीएमबरोबर अधिकृतपणे मिळू लागली. दशक संपेपर्यंत ती बँकांच्या मुख्य प्रणालीवर, एमव्हीएसवरही आली. लॅरी वॉल यांची पर्ल आली १९८७ च्या डिसेंबरात. खिदो फान रोसम यांचं पायथन १९९१ मध्ये. म्हणजे मेनफ्रेमकडे वाचायला सोपी स्क्रिप्टिंग भाषा या दोघांच्या आधीपासून होती.

मग रेक्सवर भागलं का नाही? भाषा चांगली असून पुरत नाही, ती येणारी माणसंही लागतात. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलाला पायथन येतं. रेक्स त्याने ऐकलेलीही नसते. शिवाय पायथनसोबत जगभरच्या लोकांनी लिहिलेल्या तयार लायब्ररींचा खजिना मिळतो. मेनफ्रेमला नवी भाषा हवी होती ती नवी माणसं हवी होती म्हणून.

शेजारी घर की घरात खोली?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमने एमव्हीएसच्या आतच युनिक्सची एक खोली बांधली: शेल, फोल्डर, सगळं युनिक्ससारखं. तिला मग अधिकृत युनिक्स ब्रँडही मिळाला. पण या युनिक्सची अक्षरं एब्सिडिकच राहिली.

दुसरा रस्ता डिसेंबर १९९९ मध्ये उघडला. आयबीएमने लिनक्स मेनफ्रेमच्या हार्डवेअरवर चालवण्यासाठीचा कोड प्रसिद्ध केला. त्याआधी हौशी लोकांनी आपला वेगळा प्रयत्न सुरू केलाच होता. या लिनक्सवर अक्षरं ॲस्कीची, त्यामुळे पर्ल आणि पायथन तिथे घरच्यासारखे चालले. अडचण एकच. हे शेजारी बांधलेलं नवं घर होतं. सोनंनाणं होतं जुन्याच घराच्या तिजोरीत.

जुन्या घरात शिरण्याची खरी झटापट पर्लने केली. मजकुरात शोधाशोध करणं हा पर्लचा प्राण, आणि 'ए ते झेडमधलं कुठलंही अक्षर' हा तिथला रोजचा वाक्प्रचार. एब्सिडिकवर क्रमांकांनी ए ते झेड मोजत गेलं की मधल्या फटींतली चिन्हंही अक्षरं म्हणून हाती लागतात. क्रमवारीचंही तसंच. ॲस्कीत आधी अंक, मग मोठी अक्षरं, मग लहान. एब्सिडिकमध्ये आधी लहान, मग मोठी, शेवटी अंक. तीच यादी दोन यंत्रांवर दोन क्रमांनी लागते. ओळ संपल्याची खूणसुद्धा वेगळी.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पर्ल मेनफ्रेमवर चालू लागली. मग कित्येक वर्षं तिच्या नव्या आवृत्त्या तिथे धड चालत नव्हत्या. पर्ल स्वयंसेवक सांभाळतात, आणि मेनफ्रेम काही कुणाच्या घरी टेबलाखाली नसतो. ज्या यंत्रावर चाचणी होत नाही, त्यावरचा कोड हळूहळू सडतो. २०१५ मध्ये ५.२२ ही आवृत्ती आली तेव्हा झेड/ओएसवर पर्ल पुन्हा नीट उभी राहिली.

चौकटी कंसाचं दुखणं

पायथनची अडचण आणखी मजेशीर. पायथनमध्ये यादी लिहायला चौकटी कंस लागतो. एब्सिडिकच्या देशोदेशी वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, त्यांना कोडपेज म्हणतात. ०३७ आणि १०४७ ही दोन अगदी नेहमीची, आणि नेमका चौकटी कंस दोन्हींत वेगवेगळ्या जागी आहे. १०४७ मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम ०३७ च्या पडद्यावर उघडला की उघडत्या कंसाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला वाय दिसतो आणि बंद होणाऱ्या कंसाच्या जागी दोन टिंबं.

मग स्तंभ. जुन्या पद्धतीची फाइल म्हणजे ८० अक्षरांच्या समान ओळींचा गठ्ठा. त्यातले शेवटचे आठ स्तंभ, ७३ ते ८०, ओळींच्या क्रमांकांसाठी. कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा लावता यावा, ही मूळ गरज. कोबॉल ते आठ स्तंभ बघतच नाही. पायथन मात्र त्या क्रमांकांनाही कोड समजून वाचायला जातं आणि अडखळतं. गंमत अशी की ओळीतल्या जागेला अर्थ असतो हे दोघांनाही मान्य आहे. कोबॉलमध्ये आठव्या स्तंभापासून काय लिहायचं आणि बाराव्यापासून काय, याचे नियम. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली यावर सगळा डोलारा.

तोडगा निघाला तो चिठ्ठीचा. युनिक्सच्या खोलीतल्या प्रत्येक फायलीला एक खूण चिकटवता येते: ही ८१९, म्हणजे ॲस्की घराण्यातली, ही १०४७, म्हणजे एब्सिडिक. खूण बघून यंत्र वाचतावाचता रूपांतर करतं. कुणाचीच लिपी बदलायची नाही, फक्त कुठली आहे ते सांगायचं. याच पायावर आधी रॉकेट सॉफ्टवेअरने आणि मग २०२० मध्ये खुद्द आयबीएमने झेड/ओएससाठी पायथन दिलं. त्याआधी, २०१८ मध्ये, झोवे हा ओपन सोर्स प्रकल्प आला होता. त्यामुळे लॅपटॉपवरच्या साध्या कमांडने मेनफ्रेमला काम सांगता येऊ लागलं.

पैशांचा अडसरही होता. मेनफ्रेमवर सॉफ्टवेअरचं भाडं बहुधा प्रोसेसर किती वापरला त्यावर आकारतात. कोबॉल आधीच यंत्रभाषेत उतरवलेलं असतं. पायथनचा इंटरप्रिटर चालता चालता अर्थ लावतो, म्हणून जास्त प्रोसेसर खातो. फोनवर बॅटरी थोडी लवकर उतरेल, इथे बिल चढतं. २००४ पासून आधी जावासाठी आणि मग इतर ठरावीक कामांसाठी आयबीएमने वेगळे प्रोसेसर देऊ केले, ज्यांचा वापर त्या भाड्यात धरत नाहीत. पायथनचं बरंचसं काम आता तिकडे ढकलता येतं. ही सवलत नसती तर कित्येक ठिकाणी पायथनला परवानगीच मिळाली नसती.

बारा हजार तीनशे पंचेचाळीस

आता सुरुवातीला म्हटलेल्या घोटाळ्याकडे येतो.

मेनफ्रेमवर पैशाचे आकडे बहुधा 'पॅक्ड' पद्धतीने ठेवतात. एका बाइटमध्ये दोन अंक, शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक-उण्याची खूण. १२३४५ ही रक्कम तीन बाइटांत मावते: पहिल्यात १ आणि २, दुसऱ्यात ३ आणि ४, तिसऱ्यात ५ आणि अधिकची खूण सी.

समजा, नव्या मुलाने ही फाइल पायथनमध्ये घेतली आणि सगळीच एब्सिडिकमधून ॲस्कीत रूपांतरित केली, मजकूर समजून. नावं, पत्ते छान दिसू लागतात. पण यंत्राला काय ठाऊक की मधले तीन बाइट हा मजकूर नाही? पहिला बाइट तसाच राहतो. दुसरा एब्सिडिकमधलं एक नियंत्रण-चिन्ह समजून बदलला जातो आणि त्याचे ९ आणि ४ होतात. तिसरा एब्सिडिकमध्ये तारांकनाचं चिन्ह. ॲस्कीतलं तारांकन म्हणजे २ आणि ए. आणि ए हीसुद्धा मेनफ्रेमच्या लेखी अधिकचीच वैध खूण आहे.

म्हणजे १२३४५ चे झाले १२९४२. कुठेही त्रुटीचा संदेश नाही, लाल अक्षरं नाहीत. रक्कम दिसायला अगदी सरळ, पण ५९७ ने वाढलेली.

यापासून वाचवतो तो कॉपीबुक नावाचा कोबॉलचा एक छोटा मजकूर. कुठल्या बाइटपासून नाव सुरू होतं, कुठून रक्कम, ती कुठल्या पद्धतीने ठेवली आहे, सगळं त्यात असतं. पायथन कपाट उघडून देतं. कुठल्या खणात काय आहे ते कॉपीबुक सांगतं. म्हणून मी नव्या मुलांना पायथन खुशाल वापरा म्हणतो, पण आधी कॉपीबुक वाचायला बसवतो.

पैशाच्या हिशेबाचीच आणखी एक गोष्ट त्यांना सांगतो. पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की उत्तर नेमकं ०.३ येत नाही. सतराव्या दशांशस्थळी एक चार उगवतो. यंत्र दोनाच्या पटीत मोजतं, माणूस दहाच्या. बँकेला हे चालत नाही, म्हणून पायथनमध्ये २००४ पासून डेसिमल नावाचं वेगळं मोड्यूल आहे, माणसासारखं दशमान मोजणारं. त्याचा आराखडा ज्या विनिर्देशावर बेतला आहे, तो लिहिणारे माइक काउलिशॉ. तेच, रेक्सवाले. रेक्सच्या अंकगणितातही त्यांनी हेच धोरण ठेवलं होतं: माणूस कागदावर करतो तसं उत्तर आलं पाहिजे.

म्हणजे २०२० मध्ये पायथन अधिकृतपणे मेनफ्रेमवर आलं, तेव्हा त्याच्या खिशात मेनफ्रेमवाल्याचीच एक वस्तू आधीपासून होती.

वाचणारे कोण?

त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाने बेरोजगारीचे अर्ज धो धो येत असताना, न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी जाहीर आवाहन केलं होतं: कोबॉल येणारे स्वयंसेवक हवे आहेत. यंत्रं होती, ती वाचणारी माणसं कमी पडत होती.

ती माणसं पुष्कळदा आपल्याकडची असतात. टीसीएसने मुंबईत बरोज कंपनीचा मेनफ्रेम आणला तो १९७४ साली. आयबीएम १९७८ मध्ये देश सोडून गेली, तरी परदेशी मेनफ्रेमचं काम इथे येतच राहिलं. दोन हजार सालच्या वाय-टू-के धास्तीने इथल्या हजारो मुलांना कोबॉल शिकवलं. आज ती पिढी पन्नाशीत आहे. आणि हिंजवडीत किंवा ऐरोलीत नव्याने लागलेल्या मुलाला 'मेनफ्रेमचं प्रोजेक्ट मिळालंय' म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. मित्र एआय करणार आणि मी हिरव्या अक्षरांचा पडदा बघणार?

त्या चेहऱ्यासाठी मी ही गोष्ट लिहिली. जुनं आणि नवं यांच्यामधली भिंत फार वेळा ताकदीची नसते, लिपीची असते. ती पाडून टाकू म्हणणारे आले आणि थकले. चिठ्ठी लावून दोन्ही लिप्या वाचू म्हणणारे टिकले. पायथन येणाऱ्याला आता हे यंत्र बंद नाही. त्यामुळे जुनी माणसं निवृत्त होण्याआधी त्यांच्याकडून शिकून घ्यायची संधी आहे, आणि ती फार वर्षं राहणार नाही. तीन बाइट कुठे सुरू होतात हे कागदावर असतं. ते तसे का ठेवले, हे बहुधा एखाद्या पन्नाशीच्या माणसाच्या डोक्यात असतं. त्याला चहाला घेऊन जा आणि विचारा.